उजव्या खांद्यावर थाप

माझ्या नवऱ्याला सायकल येत होती. चालवत मी होते.

गैरसमज नको. पायडल हेच मारत. हँडलही ह्यांच्याच हातात असे. मी मागे कॅरियरवर, डावीकडे पाय सोडून, मांडीवर पर्स, पर्सवर डबा आणि डब्यावर तपासलेल्या वह्या अशा थाटात बसलेली असे. पण कुठे वळायचं, कुठे थांबायचं आणि मागून येणाऱ्या मोटारीला कधी पुढे जाऊ द्यायचं, हे सगळं माझ्या खात्यात होतं. ऐंशी सालच्या आसपासची ही गोष्ट. आम्ही नाशिकला पंचवटीत राहत होतो. माझी शाळा शरणपूर रोडला आणि ह्यांचं ऑफिस तिथून थोडं पुढे. स्कूटरसाठी नंबर लावलेला होता, पण तो यायच्या आत आमची मुलगी सासरी जाईल असा हिशोब होता. (मुलगी तेव्हा बालवाडीत होती.)

मला प्रत्येक गोष्टीची यादी करायची सवय आहे. वाणसामानाची, पाहुण्यांची, पाहुण्यांसमोर काढायच्या नाहीत अशा विषयांची. त्यामुळे सायकलचे नियम मीच केले, यात नवल नाही. कारणही तसंच घडलं होतं. रविवार कारंज्याजवळ एक मोटार भोंगा वाजवत मागून आली, कोण आहे ते बघायला हे मागे वळले आणि आम्ही दोघं एका केळीवाल्याच्या हातगाडीत शिरलो. मोटार केव्हाच निघून गेली होती. आम्ही घरी जाऊन आठवडाभर शिकरण खाल्लं.

त्या संध्याकाळी मी नियम सांगितले. चालवणाऱ्याने मागे वळून पाहायचं नाही. मागचं जग माझ्याकडे. चालवणाऱ्याने बोलायचं नाही, लक्ष विचलित होतं. मागे बसणाऱ्याने बोलायला हरकत नाही.

"मला काही विचारायचं असलं तर?" हे म्हणाले.

"घरी आल्यावर विचारा."

पुढे हिवाळ्यात आणखी एक अडचण आली. नाशिकची थंडी म्हणजे माकडटोपी, आणि माकडटोपी म्हणजे बहिरेपण. मी "डावीकडे!" म्हणून ओरडले की पलीकडच्या फुटपाथवरची माणसं डावीकडे व्हायची, हे सरळच जायचे. म्हणून मी थापांची पद्धत काढली. उजव्या खांद्यावर थाप म्हणजे उजवीकडे, डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे, पाठीच्या मधोमध थाप म्हणजे ब्रेक. थाप नसेल तर सरळ.

"थाप नसली तर सरळच जायचं? कुठपर्यंत?"

"थाप बसेपर्यंत."

हे मान डोलावून गप्प बसले. ह्यांच्या गप्प बसण्याला मी तेव्हा संमती समजत असे.

एवढे नियम असूनही आमचा प्रवास मुळात बेकायदेशीर होता, कारण सायकलवर डबलसीट बसायला बंदी होती! हवालदार पकडायचा, दंड करायचा, मूड असेल तर चाकातली हवाही सोडायचा. त्यावर साऱ्या गावाने उपाय काढलेला होता. चौकाच्या अलीकडे मागच्याने टुणकन उतरायचं, देवदर्शनाला निघाल्यासारखा चेहरा करून हवालदारासमोरून चालत जायचं, आणि चौक संपला की पळत जाऊन चालत्या सायकलवर पुन्हा बसायचं. सकाळी अशोकस्तंभाच्या चौकातून असे पाच-सहा पादचारी एकदम निघायचे. नऊवारीतल्या बायका, डबेवाले कामगार, कॉलेजची मुलं, सगळे आभाळाकडे बघत! हवालदाराला ते माहीत होतं. त्याला माहीत आहे हे आम्हालाही माहीत होतं. तो फक्त तंबाखू मळत एकेकाकडे बघायचा, आणि ज्याला हसू फुटेल त्याला पकडायचा. मी कधी हसले नाही.

आता त्या दिवसाकडे येते.

जानेवारी होता. शाळेत मुलांसाठी रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होता आणि तो सगळा माझ्याकडे होता. मी तीन वर्षं तात्पुरती शिक्षिका होते. संस्थेचे अध्यक्ष स्वतः कार्यक्रमाला येणार होते, आणि आमच्या मुख्याध्यापिकेने, म्हणजे मोठ्या बाईंनी, मला स्पष्ट सांगितलं होतं, "आज ते तुम्हाला बघायला येतायत. आज जमलं तर कायम, नाही तर जूनमध्ये दुसरी शाळा शोधा."

मी आठ दिवस खपून पुठ्ठ्याच्या खोक्यांचा माणसाएवढा सिग्नल केला होता. लाल, पिवळा, हिरवा जिलेटीन कागद, आत तीन बॅटऱ्या. तो जुन्या चादरीत गुंडाळून ह्यांनी सायकलच्या पुढे सुतळीने बांधला. ह्यांनी तपकिरी स्वेटर घातला, माकडटोपी घातली आणि आम्ही निघालो.

होळकर पुलावर धुकं असं होतं की नदी आहे हे आठवणीवर मानून घ्यावं लागत होतं. अशोकस्तंभाच्या अलीकडे मी पाठीच्या मधोमध थाप मारली, उतरले, आणि चेहरा लांब करून हवालदारासमोरून चालत गेले. माझ्याबरोबर आणखी चार-पाच जण चालत होते. त्यातला एक सातपूरच्या कारखान्यातला कामगार असावा, गालात तंबाखूचा भलामोठा बार भरलेला. तेवढ्यात एक ट्रक मधे घुसला, सायकली पांगल्या, पुन्हा गोळा झाल्या. धुक्यात मला तपकिरी स्वेटर, माकडटोपी आणि पुढे डोकावणारं बोचकं दिसलं. मी पळत जाऊन बसले.

"बसले. चला," मी म्हणाले.

सायकल एकदम दचकली. मग चालायला लागली.

(त्या वर्षी मेनरोडला एकाच तपकिरी लोकरीचे गठ्ठे आले होते आणि अर्धं नाशिक त्या रंगात फिरत होतं, हे मी आता माझ्या बाजूने नोंदवून ठेवते.)

पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे कॅरियर. मी कॅरियरवर फोमची उशी शिवून बसवली होती, ती लागेना. मी विचार केला, थंडीने फोम आकसला असेल. मग दिसलं की स्वेटरला पाठीवर चांगलं लिंबाएवढं भोक आहे.

"अहो, मागच्या आठवड्यात विणून दिलाय! भोक पाडलंत?"

उत्तर नाही. नियमच होता.

"आणि आज इतकं वाकडंतिकडं का चालवताय? सरळ चालवा. मागून मोटार येतेय."

सायकल सरळ झाली. इतकी सरळ ती लग्नानंतर प्रथमच चालली होती. सीबीएसजवळ, म्हणजे एसटी स्टँडपाशी, मी उजव्या खांद्यावर थाप मारली, उजवा हात लांब काढून मागच्यांना दाखवला, आणि आम्ही शरणपूर रोडला असे सुरेख वळलो की मला स्वतःच्या पद्धतीचं कौतुक वाटलं. मागची मोटार, एक पांढरी अँबॅसडर, तीही वळली. रस्ता अरुंद होता, समोरून टांगा येत होता. मी मोटारीला पंजा दाखवला. थांबा! ती मागे राहिली. टांगा गेला, मागोमाग दूधवाले आले. पुन्हा पंजा! ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मी त्याच्याकडे, दुसरीच्या वर्गाकडे बघते तसं बघितलं. भोंगा बंद झाला. शाळेपर्यंत मी ती मोटार काही पुढे जाऊ दिली नाही.

फाटकाशी मी पाठीवर थाप मारली. सायकल जागच्या जागी थांबली. मी उतरले, साडी नीट केली आणि म्हणाले, "सिग्नल जपून सोडा. आणि संध्याकाळी येताना कोथिंबीर आणा."

माकडटोपी हळूच वळली. आत वेगळ्याच माणसाचा चेहरा होता. मिशीसकट! (हे मिशी ठेवत नाहीत.)

"कथाईन, बाई?" तो नम्रपणे म्हणाला.

म्हणजे, कोथिंबीर कुठून आणू, असं विचारत होता.

मला ओरडावंसं वाटलं, पण शाळेचं फाटक होतं आणि आतून चौथीचा वर्ग बघत होता. मी आवाज खाली ठेवून विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी बापू. नामपूरना. आठे नवाच शे."

बागलाणकडची बोली होती. इथे नवाच आहे, असं म्हणत होता. मला निम्मी शब्दांवरून कळली आणि निम्मी त्याच्या घाबरलेल्या चेहऱ्यावरून.

"मग मी बसले तेव्हा बोलला का नाहीत?"

"माले वाटनं, डबलसीट देखी नि पोलिसनी तपासाले बाई धाडी. नाशिकमा अशीच पद्धत व्हई." म्हणजे पोलिसांनी तपासायला धाडलेली बाई मी! मग त्याने माझ्या मागे, कॅरियरकडे, रस्त्याकडे बघितलं आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "मना साडू कोठे गया?"

साडू त्याला सातपूरच्या कारखान्यात कामाला लावायला नेत होता. चौकात साडू उतरला, आणि जागेवर मी येऊन बसले. कारखाना कुठे आहे ते बापूला ठाऊक नव्हतं. पुढे बांधलेलं बोचकं म्हणजे त्याची वळकटी होती. माझा सिग्नल, माझा नवरा आणि त्याचा साडू, तिन्ही गायब!

तेवढ्यात पांढरी अँबॅसडर माझ्या पाठीशी येऊन थांबली. दार उघडलं आणि आतून संस्थेचे अध्यक्ष उतरले.

मी जूनमध्ये कोणत्या शाळेत अर्ज करायचा याची यादी मनात सुरू केली.

"सायकलवर मागे बसलेल्या बाई तुम्हीच ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो, साहेब."

"मला सगळ्या रस्त्यात पुढे जाऊ दिलं नाहीत तुम्ही!"

"रस्ता अरुंद होता, साहेब."

"अहो, तेच म्हणतोय मी! वा! पंचवीस वर्षं मोटारीत बसतोय, पण सायकलवाल्याने मोटारीला इतकं शिस्तीत सांभाळलेलं पाहिलं नव्हतं. आणि हे तुमचे यजमान! एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाही. केवढा विश्वास!"

बापूने माझ्याकडे बघितलं. मी बापूकडे बघितलं. मोठ्या बाई धावत बाहेर आल्या होत्या; त्यांनी आम्हा दोघांकडे बघितलं. त्या ह्यांना ओळखत होत्या.

"बाई," अध्यक्ष मोठ्या बाईंना म्हणाले, "ह्या दोघांना आज व्यासपीठावर बसवा. आदर्श दांपत्य म्हणून सत्कार करू. मुलांना यापेक्षा चांगला धडा कोणता?" (अध्यक्ष जन्मात सायकलवर बसले नव्हते. डबलसीट हा गुन्हा आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.)

मोठ्या बाई मला बाजूला घेऊन दातांतल्या दातांत म्हणाल्या, "हा माणूस कोण?"

"बापू."

"कोण बापू?"

"नामपूरचे."

"आणि तुमचे मिस्टर?"

"येतील."

"कुठून?"

याचं उत्तर मलाही हवं होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "आता काही बोलू नका. साहेब खूश आहेत. कायमचं काम होतंय तर होऊ द्या. ते आले तर मी फाटकाशी थोपवते."

अशा रीतीने मी आणि बापू शेजारी शेजारी व्यासपीठावर बसलो. बापूने माकडटोपी काढायला नकार दिला. ओळख लपवायला तेवढाच आधार, असं त्याला वाटत असावं. त्याच्या मांडीवर श्रीफळ, खांद्यावर शाल. तो माझ्या कानाशी म्हणाला, "बाई, मनी घरवालीले कळनं तर ती माले जित्ता सोडावू नही."

"तुमची घरवाली नामपूरला आहे. माझे हे नाशिकमध्ये आहेत. गप्प बसा."

सिग्नल नसल्यामुळे प्रात्यक्षिक सगळं हातावर आलं. मी बापूला मैदानात सायकलवर बसवलं, मागे बसले आणि मुलांसमोर फेऱ्या मारल्या. उजवी थाप, डावी थाप, मधली थाप. बापू एव्हाना इतका तयार झाला होता की थाप पडायच्या आत वळत होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग चौथीतल्या एका मुलीने हात वर केला.

"बाई, डबलसीट चालतं का?"

"हे प्रात्यक्षिक आहे. खाली बस."

"पण बाई, हे तुमचे मिस्टर नाहीत. तुमचे मिस्टर गोरे आहेत."

"माकडटोपीत सगळे सावळे दिसतात. खाली बस."

मग अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. पती-पत्नी म्हणजे संसाररथाची दोन चाकं, इथून त्यांनी सुरुवात केली आणि चाकांवरून सायकल, सायकलवरून शिस्त, शिस्तीवरून स्वातंत्र्यलढा असा प्रवास करत ते चांगले रंगात आले. मी घड्याळाकडे बघत होते, मोठ्या बाई फाटकाकडे, आणि बापू श्रीफळाकडे.

"अशा बाई आपल्या संस्थेत कायम असल्या पाहिजेत!" अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या. आणि त्याच टाळ्यांमध्ये फाटकातून सायकल आत आली.

पुढे ह्यांचा तपकिरी स्वेटर. मागे तंबाखूचा बार भरलेला साडू. साडूच्या हातात माझा सिग्नल, चादर उडालेली, आणि वाटेत धक्के बसून तिन्ही दिवे एकदम लागलेले! मोठ्या बाई "थांबा, थांबा!" करत आडव्या आल्या, पण हे थांबले नाहीत. थांबतील कसे? पाठीवर थाप पडली नव्हती. साडूला समोर बापू शाल पांघरून बसलेला दिसला, त्याने चकित होऊन ह्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला, आणि सायकल उजवीकडे वळून थेट व्यासपीठाला येऊन लागली.

टाळ्या थांबल्या.

"हे कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

माझी नोकरी त्या प्रश्नावर लटकत होती. मला खोटं बोलता आलं असतं. भाऊ, दीर, शाळेचा शिपाई, सगळे पर्याय डोक्यात येऊन गेले. पण ह्यांनी माकडटोपी काढली, माझ्याकडे बघितलं, बापूच्या शालीकडे बघितलं आणि पहिल्यांदाच नियम मोडून जाहीर बोलले.

"मी हिचा नवरा. मी सातपूरला जाऊन आलो."

"सातपूरला कशाला?" मी भान विसरून ओरडले.

"थाप बसली. त्र्यंबक नाक्याला उजव्या खांद्यावर बसली, तशी वळलो. पुढे बसलीच नाही. सरळ गेलो. कारखान्याच्या फाटकाशी पाठीत बसली, तेव्हा थांबलो."

"मागे मी नाही, एवढा बाप्या बसलाय, हे कळलं नाही तुम्हाला? वजन तरी?"

"वजन जास्त वाटलं," हे म्हणाले. मग थोडं थांबून, "पण ते बोलायची सोय होती का?"

सगळं मैदान हसलं. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. मी उभी राहिले आणि अध्यक्षांना सगळं सांगितलं, चौकातल्या उतरण्यापासून बसण्यापर्यंत. शेवटी म्हणाले, "साहेब, डबलसीट गुन्हा आहे. तोही मी रोज करते."

अध्यक्षांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी बापूकडे बोट केलं. "म्हणजे ह्या गृहस्थांना तुम्ही ओळखतही नाही?"

बापू उठला. शाल काढून त्याने घडी केली, श्रीफळ तिच्यावर ठेवलं आणि सत्कार परत करत म्हणाला, "साहेब, मी बाईंना कोनीच नही. पन त्या मांगे बसन्यात, तर एक मोटारना धक्का लागना नही. मना साडू बसना तं सकायपासून दोनदा पडनूत."

साडूने तोंडातला बार सांभाळत मान हलवली. ते त्याला मान्य असावं.

अध्यक्षांच्या पोटातून हसू वर आलं आणि ते खुर्चीत बसून हसत राहिले. रुमालाने डोळे पुसून ते मोठ्या बाईंना म्हणाले, "ज्या बाईंनी अनोळखी माणसाला एका शब्दाचं उत्तर न देऊ देता शाळेपर्यंत आणलं, त्यांना वर्गातली चाळीस पोरं काय जड आहेत? घ्या कायम!"

बापू आणि साडू चहा पिऊन सातपूरला गेले. साडू मागे बसायच्या आधी बापूने वळून तोंड बघून घेतलं. हे ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेले आणि झोपले. संध्याकाळी मी एकटी चालत घरी आले. वाटेत कोथिंबीर मीच घेतली.

फेब्रुवारीत कायम झाल्याचा कागद आला. मैत्रिणींनी पेढे मागितले, मी दिले. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "एवढ्या जणी असताना तुमचीच निवड कशी हो झाली?"

मी काही उत्तर द्यायच्या आत आतल्या खोलीतून, पेपरच्या मागून, ह्यांचा आवाज आला, "दुसरीचा नवरा बरोब्बर शाळेत आणला म्हणून. घरचा सातपूरला पोचला, ते कागदावर लिहिलेलं नाही."